ब्लॉटवर तीन बँड आले, तर खरा कोणता?

धुळे जिल्ह्यातल्या एका फार्मसी महाविद्यालयात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. वनस्पतीचा अर्क दिलेल्या रॅटच्या यकृतात एनआरएफ२ हे प्रथिन वाढतं का, हे पाहायला तिने माऊसची मोनोक्लोनल अँटीबॉडी (एकाच पेशीच्या वंशातून मिळवलेली, ठरावीक प्रथिनाला धरणारी) घेतली. डेटाशीटवर एकच स्वच्छ बँड आहे. तिच्या वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वजनाप्रमाणे वेगळी केलेली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने दाखवायची पद्धत) मात्र तीन येतात, साधारण ११०, ६६ आणि ५० किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक). गाईड म्हणतात, अमिनो आम्लांवरून वजन ६६ निघतं, म्हणून ६६चाच बँड मोजा. तीच अँटीबॉडी स्लाइडवर लावली तर सगळं यकृत तपकिरी होतं. नवीन अँटीबॉडीला पैसे नाहीत. काय करावं?

ताई, सगळ्यात निकडीचं आधी सांगतो: ६६चा बँड मोजू नका. गाईडचं गणित बरोबर आहे. माणसाच्या एनआरएफ२मध्ये ६०५ अमिनो आम्लं आहेत आणि हिशेबाने वजन ६६ ते ६८ किलोडाल्टनच्या आसपास येतं. पण हे प्रथिन जेलवर हिशेबाप्रमाणे धावत नाही. त्यात आम्लधर्मी अमिनो आम्लं खूप आहेत, त्यामुळे त्याला एसडीएस, म्हणजे प्रथिन उलगडून त्याला ऋण भार देणारं साबणासारखं रसायन, नेहमीच्या प्रमाणात चिकटत नाही आणि ते मागे रेंगाळतं. खरा एनआरएफ२ साधारण ९५ ते ११०च्या पट्ट्यात दिसतो. पी५३चंही असंच आहे. त्याचं खरं वजन ४४च्या जवळ आहे, पण जेलवर ते ५३ला दिसतं. म्हणून 'अपेक्षित वजनाला बँड आला' हा पुरावा म्हणून फार कच्चा आहे. योग्य वजनाला चुकीचं प्रथिन बसलेलं असू शकतं, आणि योग्य प्रथिन वेगळ्याच वजनाला असू शकतं.

६६बद्दल आणखी एक शंका घ्यायला जागा आहे. यकृतातलं, आणि त्यात राहिलेल्या रक्तातलं, सगळ्यात मुबलक प्रथिनांपैकी एक म्हणजे अल्ब्युमिन, आणि त्याचं वजन ६६च आहे. एखादं प्रथिन एवढं भरमसाट असलं की अँटीबॉडीची अगदी दुबळी पकडही तिथे जाड बँड देते. दुसरीकडे, ताण नसलेल्या पेशीत एनआरएफ२ फार थोडं असतं. कीप१ नावाचं प्रथिन त्याला धरून सतत प्रोटिएसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्राकडे, पाठवत राहतं आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत निम्मं एनआरएफ२ संपतं. आता तुमचा ब्लॉट पुन्हा पाहा. अर्क न दिलेल्या रॅटच्या लेनमध्येही ६६चा बँड तेवढाच जाड आहे का? असेल, तर एनआरएफ२बद्दल जे माहीत आहे त्याच्याशी तो जुळत नाही.

५०च्या बँडबद्दल माझा अंदाज बऱ्यापैकी पक्का आहे. तुमची प्रायमरी, म्हणजे प्रथिनाला धरणारी अँटीबॉडी, माऊसची; म्हणून सेकंडरी, म्हणजे प्रायमरीला धरून सिग्नल देणारी, अँटी-माऊस. माऊस आणि रॅट यांचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी, इतके सारखे असतात की साधी अँटी-माऊस सेकंडरी रॅटच्या आयजीजीलाही (त्यातला मुख्य प्रकार) धरते. यकृत सलाईनने धुऊन काढलेलं नसेल तर त्यात रॅटचं रक्त असतं आणि रक्तात आयजीजी. त्याची जड साखळी ५०ला दिसते आणि हलकी २५ला. मेंब्रेन ३५च्या वरूनच कापत असाल तर २५चा बँड तुम्हाला कधी दिसलाच नसेल. तपासायला एक लेन पुरे: तेच लायसेट (पेशी फोडून काढलेलं द्रावण), प्रायमरी न लावता फक्त सेकंडरी. ५०चा बँड तसाच राहिला तर प्रायमरीचा त्यात काही संबंध नाही. पुढच्या वेळी रॅटच्या सीरमवर अ‍ॅडसॉर्ब केलेली सेकंडरी मागवा आणि यकृत काढताना पोर्टल शिरेतून थंड सलाईन सोडून रक्त घालवा.

राहिला ११०चा. तो एनआरएफ२ असण्याची शक्यता आहे, पण तिथेही थांबायचं नाही. एनआरएफ२साठी विकल्या जाणाऱ्या काही अँटीबॉडी कॅलनेक्सिन या एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममधल्या प्रथिनालाही धरतात, आणि ते जेलवर त्याच परिसरात येतं. यकृतात कॅलनेक्सिन भरपूर असतं. म्हणजे वजन बरोबर, बँड ठळक, आणि तरीही प्रथिन दुसरंच, हे घडू शकतं.

इथे मुद्द्याचं बोलतो. अँटीबॉडी चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. ही अँटीबॉडी, या पद्धतीत, या नमुन्यात, माझं प्रथिन सोडून दुसरं काही दाखवते का, असं विचारायला हवं. त्याचं उत्तर जिथे प्रथिन आहे तिथला बँड पाहून मिळत नाही. जिथे प्रथिन नाही तिथे बँड नाहीसा होतो का, यावरून मिळतं. आपल्याकडे पॉझिटिव्ह कंट्रोलवर सगळे खर्च करतात आणि निगेटिव्ह कंट्रोल म्हणजे प्रायमरी न लावलेली एक स्लाइड एवढंच धरतात. ती स्लाइड सेकंडरीची परीक्षा घेते. प्रायमरीची परीक्षा घ्यायला प्रथिनच नसलेला नमुना लागतो.

आपल्या खानदेशात असे नमुने शेतात उभे आहेत आणि आपण ते रोज वापरतो. कापसाच्या पानात क्राय१एसी हे बीटीचं कीडनाशक प्रथिन आहे की नाही हे पट्टीवर तपासताना बाजूला बिगर-बीटी कापसाचं पान घेतल्याशिवाय कोणी निकाल लिहीत नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून हे चालत आलं आहे. तिथेही एक खाच आहे. क्राय१एसीसाठी बनवलेल्या बऱ्याच अँटीबॉडी क्राय१एबीलाही धरतात, कारण दोन्ही प्रथिनं एकमेकांच्या फार जवळची आहेत. म्हणजे पट्टीवर रेघ उमटली तरी दोघांतलं कोणतं, हे ती सांगेलच असं नाही. रावेर-यावलच्या केळीवर हरण्या पडला, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू आला, की एलायझा, म्हणजे प्लेटवर अँटीबॉडीने रंग आणून मोजायची चाचणी, करताना निरोगी केळीच्या पानाचा अर्क त्याच प्लेटवर लावावाच लागतो. नुसता बफर लावून भागत नाही, कारण केळीच्या पानातले फिनॉल आणि चीक स्वतःच रंग वाढवतात. म्हणून काढणीच्या बफरमध्ये पीव्हीपी आणि सोडियम सल्फाइट घालतात. निरोगी पान जे काम तिथे करतं, तेच काम तुमच्या ब्लॉटवर एनआरएफ२ नसलेल्या लायसेटने करायचं आहे.

असं लायसेट आणायचं कुठून? सर्वांत खात्रीचा मार्ग जीन काढून टाकलेल्या पेशी किंवा प्राणी. एनआरएफ२ नसलेले माऊस १९९०च्या दशकापासून उपलब्ध आहेत आणि ते व्यवस्थित जगतात. देशात ज्या प्रयोगशाळा या विषयावर काम करतात त्यांना पत्र लिहा. लोड करायच्या बफरमध्ये उकळलेलं थोडंसं लायसेट, एक सामान्य माऊसचं आणि एक नॉकआउटचं (जीन काढलेल्या माऊसचं), एवढंच मागा. लोक देतात. संकोच करू नका.

ते नाही जमलं तर एसआय-आरएनए, म्हणजे ठरावीक जीनचा एमआरएनए (प्रथिन बनवायचा संदेश) तोडून प्रथिन बनू न देणारा छोटा आरएनए. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संग्रहातून ए५४९ ही माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाची पेशीओळ घ्या. ती मुद्दाम सुचवतोय, कारण तिच्यात कीप१मध्येच बिघाड आहे. त्यामुळे काहीही औषध न देता एनआरएफ२ साचलेलं असतं, म्हणजे तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल आयता मिळतो. याच पेशींत एनएफई२एल२ या एनआरएफ२च्या जीनवर दोन वेगवेगळे एसआय-आरएनए वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये द्या आणि तिसऱ्यात कशालाच न धरणारा. ४८ ते ७२ तासांनी लायसेट काढा. प्रथिन मुळात अल्पजीवी असल्यामुळे ते चटकन उतरतं, हा एनआरएफ२चा मोठा फायदा. दोन्ही एसआय-आरएनएंनी जो बँड कमी झाला तो तुमचा, आणि जो जसाच्या तसा राहिला तो परका. उलट दिशेने बघायचं तर हेपजी२ या माणसाच्या यकृताच्या कर्करोगाच्या पेशींना एमजी१३२ हे प्रोटिएसोम अडवणारं रसायन १० मायक्रोमोलर काही तास द्या. खरा बँड वर यायला हवा. मात्र एमजी१३२ने इतरही अनेक प्रथिनं साचतात, त्यामुळे बँड वाढला एवढ्यावर निकाल देऊ नका. खाली जाण्याचा पुरावा वर येण्यापेक्षा वजनदार असतो.

हे सगळं माणसाच्या पेशीत झालं, तुमचा नमुना रॅटचा आहे. म्हणून आणखी दोन गोष्टी लागतील. अँटीबॉडी ज्या तुकड्यावर बनवली तो तुकडा डेटाशीटवर असेल तर युनिप्रोट या प्रथिनांच्या ऑनलाइन कोशावरून माणसाचा आणि रॅटचा क्रम काढून शेजारी-शेजारी मांडा. दोन-तीन अमिनो आम्लांचा फरकही पकड सोडवू शकतो. विक्रेता तुकडा सांगायला तयार नसेल, आणि पुष्कळ जण नसतात, तर तेही वहीत लिहून ठेवा. दुसरं म्हणजे रॅटचीच एखादी पेशीओळ, सी६ किंवा एच९सी२, घेऊन त्यात रॅटच्या क्रमावर बेतलेला एसआय-आरएनए. ही पायरी शक्य असेल तर चुकवू नका.

इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगले लोक अडकतात. ब्लॉट जुळतो का हे पाहायला त्याच प्रथिनाचा एमआरएनए मोजायचा सल्ला सगळीकडे दिला जातो. अनेक प्रथिनांसाठी तो बरोबरही आहे. एनआरएफ२साठी तो दिशाभूल करेल, कारण त्याचं नियंत्रण मुख्यतः प्रथिन टिकण्यावर होतं, एमआरएनए बनण्यावर नाही. अर्काने एनआरएफ२ तिप्पट झालं तरी त्याचा एमआरएनए जिथल्या तिथे राहू शकतो. तुम्ही एनक्यूओ१, एचएमओएक्स१, जीसीएलएम या जीनचे एमआरएनए मोजा. एनआरएफ२ केंद्रकात जाऊन यांनाच चालू करतं. ११०चा बँड ज्या रॅटमध्ये वाढला त्यांच्यातच हे तिन्ही वाढले, तर तुमच्या हातात अँटीबॉडीवर अवलंबून नसलेला पुरावा आला. शिवाय हा तुमच्या अर्काबद्दलचा खरा निष्कर्षही आहे, म्हणजे हा खर्च वाया जाणारा नाही. एमआरएनए मोजणारं आरटी-पीसीआर मशीन कॉलेजात नसेल तर जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात विचारा.

अँटीबॉडी पडताळण्याचे पाच रस्ते २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने मांडले. त्यातले दोन वर आलेच: जीन काढणं किंवा दाबणं, आणि अँटीबॉडीविना दुसऱ्या पद्धतीने मोजणं. तिसरा म्हणजे त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागावर बनलेली दुसरी अँटीबॉडी लावून दोन्हींचे निकाल जुळतात का बघणं. तुमच्याकडे नवीन घ्यायला पैसे नाहीत हे मान्य, पण बऱ्याच कंपन्या छोटी कुपी नमुना म्हणून देतात आणि शेजारच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये अर्धी कुपी पडलेली असते. फक्त एक बघा: दोन वेगळ्या नावांच्या कंपन्या पुष्कळदा एकाच उत्पादकाची कुपी विकतात. क्लोन नंबर सारखा असेल तर ती दुसरी अँटीबॉडी नव्हे. चौथा रस्ता टॅग लावलेलं प्रथिन पेशीत बनवून घेणं. यातून अँटीबॉडी तुमच्या प्रथिनाला धरते एवढं कळतं, इतरांना धरत नाही हे कळत नाही, कारण तिथे तुमचंच प्रथिन शेकडो पटींनी ओतलेलं असतं. पाचवा, अँटीबॉडीने जे ओढून काढलं ते मास स्पेक्ट्रोमेट्रीवर ओळखणं. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी ही सोय आहे, पण तुमच्या टप्प्यावर तो खर्च मी करणार नाही.

पेप्टाइड घालून अँटीबॉडी अडवण्याचा प्रयोग या पाचांत नाही, आणि ते योग्यच आहे. डेटाशीटवर तो फार दिसतो. ज्या पेप्टाइडवर अँटीबॉडी बनवली तेच भरपूर घातलं की तिची बांधणीची जागा भरून जाते आणि प्रायमरीने दिलेले खरे-खोटे सगळेच बँड मावळतात. तुमच्या ब्लॉटवर ११० आणि ६६चे दोन्ही बँड गेले तर त्यांतला खरा कोणता हे कसं कळेल? कळणार नाही.

हे सगळं एवढ्या हट्टाने का सांगतोय? कारण बाजारातल्या कुप्यांची स्थिती आता मोजली गेली आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वायकॅरोस नावाचा उपक्रम चालतो. त्यांनी २०२३ साली ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटीबॉडी नॉकआउट पेशींच्या शेजारी ठेवून तपासल्याचं प्रसिद्ध केलं. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ शोधनिबंध असे निघाले, ज्यांत वापरलेली अँटीबॉडी त्या प्रथिनाला ओळखतच नव्हती. त्यातली आशेची बाजूही सांगतो. निम्म्याहून जास्त प्रथिनांसाठी निदान एक तरी चांगली अँटीबॉडी बाजारात होती, आणि रिकॉम्बिनंट, म्हणजे ठरलेल्या जनुकीय क्रमावरून बनवलेल्या, अँटीबॉडी सरासरीने मोनोक्लोनल आणि पॉलिक्लोनल (प्राण्याच्या रक्तातलं अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) दोन्हींपेक्षा सरस ठरल्या. निकाल पाहून कंपन्यांनी कित्येक कुप्या विक्रीतून काढल्या किंवा त्यांच्या शिफारशी बदलल्या. त्यांचे अहवाल सगळ्यांना खुले आहेत. कुठलीही कुपी मागवण्याआधी तुमचं प्रथिन तिथे आहे का ते पाहा.

'मोनोक्लोनल आहे, म्हणजे एकालाच धरणार' हा समजही सोडा. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमा तंत्र (अँटीबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून तीच अँटीबॉडी सतत मिळवणं) दिलं तेव्हापासून एक पेशी एक अँटीबॉडी असं आपण शिकत आलो. पण २०१८ साली १८५ हायब्रिडोमांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ ३२ टक्क्यांमध्ये एकापेक्षा जास्त जड किंवा हलक्या साखळ्या बनत असल्याचं दिसलं. आणि अगदी शुद्ध मोनोक्लोनलसुद्धा सारखा दिसणारा तुकडा दुसऱ्या प्रथिनात भेटला तर तिथेही बसते.

आता स्लाइडवरच्या तपकिरी यकृताकडे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये अँटीबॉडी पास झाली तरी ती स्लाइडवर चालेल असं धरू नका. ब्लॉटवर प्रथिन एसडीएसने पूर्ण उलगडलेलं असतं आणि वजनाप्रमाणे वेगळं झालेलं असतं. परका बँड आला तर तो निदान वेगळ्या जागी दिसतो. स्लाइडवर प्रथिन फॉर्मलिनने जखडलेलं असतं, आणि खरं-खोटं एकाच तपकिरी रंगात मिसळतं. तिथे वजनाची पट्टी नाही. म्हणून स्लाइडवरची अँटीबॉडी ब्लॉटपेक्षा कडक तपासावी लागते, आणि प्रत्यक्षात आपण तीच सगळ्यात सैल सोडतो. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचं उदाहरण बोलकं आहे. २०१७ साली त्याच्या १३ अँटीबॉडी काटेकोरपणे तपासल्या, त्यांत एकच विश्वासार्ह ठरली. तोवर अनेक वर्षं स्तनाच्या कर्करोगात हे प्रथिन आहे की नाही यावर परस्परविरोधी निबंध येत होते, आणि त्या वादाचं मोठं कारण कुप्यांत होतं.

यकृत हा तर सर्वांत अवघड ऊतकांपैकी एक. त्यात स्वतःचं बायोटिन असतं, त्यामुळे अ‍ॅव्हिडिन-बायोटिनवर चालणारा किट अँटीबॉडीविनाही रंग देतो. बायोटिन नसलेला पॉलिमर किट वापरा. स्वतःचं पेरॉक्सिडेझही असतं, म्हणून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची पायरी पूर्ण वेळ द्या. आणि माऊसची प्रायमरी रॅटच्या ऊतकावर, म्हणजे ५०च्या बँडची कहाणी इथे पुन्हा, फक्त आता ती सगळ्या स्लाइडभर पसरते. तुम्हाला दिसणाऱ्या तपकिरीचा मोठा भाग यातूनच येत असणार असं मला वाटतं. आधी प्रायमरीविना स्लाइड करा. मग प्रायमरी पातळ करत न्या, डेटाशीटवरच्या आकड्याच्या दुप्पट, चौपट, आठपट. सिट्रेट पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९ असे दोन्ही अँटिजेन रिट्रीव्हल (फॉर्मलिनने झाकलेलं प्रथिन उघडं करायची पायरी) एकदा शेजारी-शेजारी करून बघा. ऊतक फॉर्मलिनमध्ये २४ ते ४८ तास राहिलं पाहिजे. शुक्रवारी बुडवलं आणि मंगळवारी काढलं, असा गट इतर गटांशी तुलना करण्यालायक राहत नाही.

आणि यानंतर खरी परीक्षा. एसआय-आरएनए दिलेल्या आणि न दिलेल्या ए५४९ पेशी खरवडून गोळा करा, फॉर्मलिनमध्ये पक्क्या करा, अगरमध्ये धरून पॅराफिनचा ठोकळा बनवा. दोन्ही ठोकळ्यांचे काप एकाच स्लाइडवर घ्या, म्हणजे रंगवण्यातला फरक आड येणार नाही. एका बाजूला केंद्रकात रंग आणि दुसऱ्या बाजूला फिका, असं दिसलं तर ही अँटीबॉडी स्लाइडवर वापरता येते. दोन्ही सारखे तपकिरी झाले तर ती ब्लॉटपुरती ठेवा आणि शोधनिबंधातून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा, म्हणजे स्लाइडवर अँटीबॉडीने रंगवण्याचा, भाग काढा. त्याने प्रबंध कमकुवत होत नाही. हा ठोकळा एकदा बनवला की वर्षानुवर्षं पुरतो, आणि आसपासच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तो सहज बनवून मिळतो. खर्चाच्या मानाने एवढं बळ देणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे चमकणारा रंग जोडलेल्या अँटीबॉडीने पाहण्यासाठी, हीच कल्पना, फक्त दोन्ही प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या रंगांनी खूण करून एकाच कव्हरस्लिपवर मिसळायच्या आणि एकाच फोटोत दोन्ही पकडायच्या. पॅराफॉर्मल्डिहाइड आणि मिथेनॉल या दोन्हींनी पेशी पक्क्या करून बघा, कारण काही अँटीबॉडी एकातच चालतात. यकृताचा काप असेल तर लिपोफ्युसिन या पेशींत साचणाऱ्या रंगद्रव्याची स्वतःची चमक असते, म्हणून काहीच न लावलेला काप आधी बघून घ्या.

एलायझा किटबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत ब्लॉट जमला नाही की पुढचं पाऊल 'रॅट एनआरएफ२ एलायझा किट' हेच असतं. प्लेटवर आकडा येतो, आलेख सरळ येतो, सगळ्यांना हायसं वाटतं. पण तो सरळ आलेख किटमधल्या शुद्ध प्रथिनाचा असतो. तुमच्या लायसेटमध्ये किट काय मोजतोय ते त्याने कळत नाही. टोरंटोच्या माऊंट सायनाय रुग्णालयातल्या गटाने २०१४ साली याबद्दल स्वतः लिहिलं आहे. सीयूझेडडी१ हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं चिन्ह म्हणून ते विकत आणलेल्या किटने मोजत होते. शेवटी कळलं की किट सीए१२५ हे अगदी वेगळं प्रथिन मोजतोय. दोन वर्षं आणि सुमारे ५ लाख डॉलर गेले. त्यांनी ते उघडपणे छापलं याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. तुम्ही किट घेतलाच तर निदान दोन गोष्टी करा. लायसेट दुप्पट, चौपट, आठपट पातळ करा आणि गुणून मूळ आकडा परत येतो का पाहा. ठरावीक प्रमाणात किटमधलंच प्रथिन लायसेटमध्ये घालून ते ८० ते १२० टक्के परत मिळतं का पाहा. यात नापास झालेल्या किटचे आकडे पी-व्हॅल्यू लावूनही सुधारत नाहीत. आणि पास झाला तरी तो ओळखतो कोणाला, हे एसआय-आरएनएचं लायसेटच सांगेल.

आपल्या भागाची एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, ती हवामानाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो, आणि मुंबईहून निघालेला थर्माकोलचा डबा शनिवार-रविवार कुरियरच्या गोदामात पडून राहतो. साधी आयजीजी अँटीबॉडी थोडा काळ गरम झाली तरी बहुतेक वेळा टिकते. रंग जोडलेल्या अँटीबॉडी, विशेषतः पीई हा चमकणारा रंग आणि त्याला दुसरा रंग जोडून बनवलेले टँडेम रंग, नाही टिकत, आणि ते गोठवायचेही नसतात. शक्य तिथे मागणी पावसाळा संपल्यावर करा आणि कुरियर सोमवारी निघेल असं विक्रेत्याकडून कबूल करून घ्या. डबा उघडल्यावर जेल पॅक थंड होता की कोमट, ते लगेच कुपीच्या नोंदीत लिहा. आली त्याच दिवशी १० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्या भरा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज अँटीबॉडीसाठी वापरू नका. तो रोज थोडा गरम होतो आणि वर वीज गेली की आणखी. सोडियम अ‍ॅझाइड घातलेल्या बफरमध्ये एचआरपी (सिग्नल देणारं एन्झाइम) जोडलेली सेकंडरी पातळ करू नका, अ‍ॅझाइड एचआरपीला मारतं. 'आज सिग्नलच नाही' या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं.

लॉट नंबर, म्हणजे कुपी कोणत्या खेपेतली ते, लिहायची सवय आजपासून लावा. पॉलिक्लोनल असेल तर नवा लॉट म्हणजे नव्या सशाचं रक्त, आणि जुन्या लॉटवर केलेली पडताळणी त्याला लागू होत नाही. ए५४९चं आणि एसआय-आरएनए दिलेल्या ए५४९चं लायसेट भरपूर बनवून छोट्या नळ्यांत उणे ८०ला ठेवा. नवी कुपी आली की त्याच दोन लेन पुन्हा चालवायच्या, एका दिवसाचं काम आहे.

गाईडशी कसं बोलायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडचण तीच आहे हे मला दिसतं. 'सर, तुमचा बँड चुकीचा आहे' असं म्हणू नका. फक्त सेकंडरीची लेन, ए५४९ची लेन आणि एसआय-आरएनएची लेन तुमच्या यकृताच्या लेनच्या शेजारी एकाच जेलवर चालवा आणि न कापलेला ब्लॉट टेबलावर ठेवा. आता बरीच नियतकालिकं पूर्ण ब्लॉट मागतात, कॅटलॉग नंबर, लॉट आणि आरआरआयडी (अँटीबॉडीचा जागतिक ओळख क्रमांक) विचारतात, हेही सांगा. परीक्षकाने ६६च्या बँडवर बोट ठेवण्याआधी आपण ठेवलेलं सरांनाही आवडेल.

आणि एसआय-आरएनएने तिन्ही बँड जसेच्या तसे राहिले, तर? आधी एनएफई२एल२चा एमआरएनए खरंच उतरला आहे का ते मोजा. इथे तो मोजणं योग्य आहे, कारण एसआय-आरएनए त्यालाच तोडतो. उतरला असेल आणि बँड हलले नसतील तर कुपी निकामी आहे. ब्लॉटची चित्रं, लॉट नंबर आणि पद्धत जोडून विक्रेत्याला लिहा आणि पैसे किंवा बदली कुपी मागा. बहुतेक मोठ्या कंपन्यांची तशी हमी असते, फक्त ती ठरावीक मुदतीची असते, म्हणून आधी बिलावरची तारीख बघा. बदली कुपी मागताना नॉकआउट लायसेटवर तपासलेली रिकॉम्बिनंट सशाची अँटीबॉडी मागा. ती सशाची असल्यामुळे माऊस-रॅटचा ५०चा घोळही संपेल. तोवर एनक्यूओ१ आणि एचएमओएक्स१चं पीसीआर सुरू करा, त्यासाठी कोणत्याच कुपीची वाट पाहायची गरज नाही.